डुक्कर फियाटला दोन रंग : जोडरेषा कुठे घ्यावी आणि आधी कोणता रंग मारावा?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून १९६० सालची फियाट ११०० आहे, म्हणजे पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, जिला सगळे 'डुक्कर फियाट' म्हणतात ती. २०१९ च्या महापुरात ती गावभागातल्या वाड्यात दोन दिवस पाण्यात उभी होती आणि त्यानंतर दरवाजांखालचा पत्रा इतका सडला की स्क्रूड्रायव्हर टेकवला तरी आत जाई. गेले दीड वर्ष घरामागच्या शेडमध्ये मी सवडीने काम करतो आहे. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर मारला आणि दरवाजांवर भरलेली लांबी (पुटी) ही घासून सपाट झाली आहे.

गाडी वर क्रीम आणि खाली गडद हिरवी करावी अशी इच्छा आहे. माझ्या गाडीला बाजूची चकचकीत पट्टी नाही, त्यामुळे दोन रंगांचा सांधा झाकायला काहीच आधार नाही. टपाच्या पन्हळीपाशी रेषा घ्यावी, तर मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंना टप आणि मागचा पत्रा एकच सलग वळण घेतात आणि तिथे रेषा कुठे संपवावी हे कळत नाही. शिवाय टेप काढल्यावर राहणारी पायरी बोटाला लागू नये यासाठी काय करावे? रंग शेडमध्येच मारायचा विचार आहे.

यवतेश्वर_घाट (सातारा)

आपली अडचण रास्त आहे. पन्हळीपाशी रेषा घेतलेल्या दोन-तीन गाड्या मी पाहिल्या आहेत आणि मागून पाहताना त्या टोपी घातल्यासारख्या दिसतात. माझ्या मते रेषा खिडक्यांच्या खालच्या कडेने घ्यावी आणि तीच उंची राखून मागच्या काचेखालून पूर्ण फिरवून आणावी, म्हणजे ती मध्येच कुठे संपवण्याचा प्रश्नच उरत नाही. रंग आणण्याआधी पाऊण इंची साधी मास्किंग टेप लावून गाडी बाहेर ढकला आणि वीस-पंचवीस फुटांवरून पाहा. जवळून सरळ वाटणारी रेषा लांबून मागे उतरलेली दिसते, कारण पत्र्याचे वळण डोळ्याला फसवते. मी माझ्या गाडीवर ती चार वेळा बदलली.

आधी क्रीम मारावा. गडद रंग फिक्या रंगाला सहज झाकतो, उलट केल्यास क्रीमचे थर वाढत जातात आणि पायरीही वाढते. क्रीम रेषेच्या खाली दोनेक इंच उतरू द्यावा, तो नीट सुकल्यावर रेषेवर प्लास्टिकची बारीक फाइनलाइन टेप लावावी आणि वरचा भाग मास्किंग पेपरने झाकावा. वर्तमानपत्र वापरू नये, त्यातून थिनर झिरपतो. हिरव्याचा पहिला हात अगदी पातळ, स्प्रे गनची दिशा टेपकडून खाली ठेवून मारावा, म्हणजे टेपच्या कडेत रंग साचत नाही. हिरव्याची चमक जाऊन तो मंद दिसू लागला की टेप स्वतःवरच दुमडून सावकाश ओढावी. मी पहिल्या वेळी आळसाने ती रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी काढताना डाव्या दरवाजावर वीतभर रंगाची कड करवतीसारखी उचकटून आली.

पायरीचे उत्तर रंगाच्या प्रकारात आहे. बेसकोट (रंगाचा थर) आणि त्यावर क्लिअर (पारदर्शक चमकदार थर) अशी पद्धत घेतल्यास दोन्ही रंग झाल्यावर संपूर्ण गाडीवर क्लिअरचे दोन-तीन हात येतात, ते १५०० आणि २००० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून कंपाउंडने (चकाकी आणणाऱ्या लेपाने) घोटले की सांधा बोटाला लागत नाही. मात्र बेस आणि क्लिअर यांच्यामधली वेळ डब्यावर दिलेली असते, ती चुकवू नये. दरवाजांच्या आतल्या कडा बाहेरच्या रंगाआधी उरकाव्यात आणि तिथेही रेषा त्याच उंचीवर आणावी. तुमचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, त्यामुळे ती कड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत आधी भरते.

मिरज_पेठ (मिरज)

वरील रंगकामाशी मी सहमत आहे, शेडबद्दल मात्र नाही. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने रंग पांढुरका पडतो, विशेषतः जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, म्हणून सगळे डिसेंबर-जानेवारी सुचवतात. पण आपल्या जिल्ह्यात तोच गळीत हंगाम. उसाचे पाचट पेटवले की काळी काजळी मैलभर उडत येते. माझ्या क्रीम बॉनेटवर क्लिअर ओला असतानाच तिचे पाच-सहा तुकडे अलगद उतरले आणि टिपायला गेलो तर प्रत्येकाची काळी रेघ उमटली. पूर्ण बॉनेट पुन्हा घासावे लागले. शेडला चारही बाजूंनी प्लास्टिक लावा, जमीन ओली करा आणि कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर बसवल्याखेरीज गन हातात घेऊ नका.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. क्लिअरच्या हार्डनरमध्ये (थर कडक करणाऱ्या द्रवात) आयसोसायनेट हे घातक रसायन असते. त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि वास येत नाही म्हणून ते हवेत नाही असे समजता येत नाही. तोंडाला फडके बांधणे निरुपयोगी आहे, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल, तर घासकाम आणि प्रायमर घरी करून शेवटचे थर बूथ (रंग मारायची बंदिस्त खोली) असलेल्या गॅरेजकडून मारून घ्यावेत. मी स्वतः आता तेच करतो आणि त्यात कमीपणा मानत नाही.

पन्नाशीची_गाडी (कराड)

एक छोटी भर. रंग हा नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आहे. आरसीवर एकच रंग असेल तर रंगकामानंतर आरटीओत नोंद बदलून घ्यावी, नाहीतर विमा आणि विक्रीच्या वेळी खुलासे करत बसावे लागते. गाडीला पन्नास वर्षे उलटून गेली असल्याने २०२१ च्या नियमांप्रमाणे ती विंटेज म्हणूनही नोंदवता येते. मात्र तशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी टेप लावून गाडी गल्लीत काढली. खिडक्यांखालची रेषा पुढे ठीक वाटली, मागे डिकीपाशी मात्र अर्धा इंच खाली घसरलेली दिसली. पातळीच्या नळीने मोजली तर ती अगदी सरळ होती. तरीही मागे अर्धा इंच उचलूनच घेतो आहे. हवा पुरवणाऱ्या मास्कची किंमत ऐकल्यावर बेस आणि क्लिअर बूथमध्येच मारायचे ठरवले. बूथवाल्याने मला रेषा स्वतः आखू द्यायचे कबूल केले आहे.