नागपुरात रोज सायकल चालवणाऱ्यांनो, आधी आपल्या चुका! (अनुभव धागा)

कारवाल्यांच्या नावाने खडे फोडायला जागा भरपूर आहेत. इथे फक्त पॅडल मारणाऱ्यांचं बोलू. राँग साइड, तोडलेले सिग्नल, बिनदिव्याच्या सायकली, कानात इअरफोन, हे सगळं आपणही करतोच. दोन अटी आहेत. नावाऐवजी रोजचा रस्ता लिहा. आणि ‘मी कसा पडलो’ हे नको. काय करायचं, किती अंतर ठेवायचं, कुठला पार्ट बिघडतो आणि का, तेवढं लिहा.

खामला ते सीताबर्डी

राँग साइडपासूनच सुरुवात करतो, कारण ‘दोनशे मीटरच तर जायचं आहे’ हे वाक्य आपल्या गावात सगळ्यांच्या तोंडी आहे. डिव्हायडरचा कट लांब असतो आणि वळसा घालायचा कंटाळा येतो.

हिशेब करून पाहा. सायकल ताशी १५ ने चालली आहे आणि मोटरसायकल ४० ने. दोघं एकाच दिशेने असतील तर ती तुमच्याकडे २५ च्या वेगाने येते. समोरासमोर असाल तर ५५ च्या. तीस मीटरवरून दिसलात तर पहिल्या बाबतीत त्याच्या हाती चार सेकंदांहून जास्त असतात, दुसऱ्या बाबतीत जेमतेम दोन. याहून वाईट जागा म्हणजे गल्लीचं तोंड. गल्लीतून डावीकडे निघणारा माणूस उजवीकडेच पाहतो, कारण गाड्या तिकडूनच येणार असतात. राँग साइडने आलेली सायकल त्याच्या डाव्या हाताला असते आणि तिकडे त्याची मान वळतच नाही. यात त्याला दोष देता येत नाही.

उपाय साधा आहे. उतरा आणि सायकल हातात धरून कडेकडेने चाला. दोनशे मीटर चालायला अडीच मिनिटं लागतात.

सक्करदरा, सायकल दुरुस्तीचं काम

लोक सायकल आणतात आणि म्हणतात, भाऊ, ब्रेक लागून नाही राहिला. तोवर चप्पल घासून थांबवणं सुरू असतं. घरच्या घरी पाहता येईल असं सांगतो.

ब्रेक पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि हँडलची मूठ यांच्यात दोन बोटं जागा उरली पाहिजे. लिव्हर मुठीला टेकला तर तार ढिली आहे किंवा रबर संपलं आहे. रबर आणि रिम यांच्यात दोन्ही बाजूंना साधारण २ मिमी फट ठेवा. एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे घासतंय असं असेल तर आधी चाक आउट (फिरताना डगमगणारं, वाकडं) आहे का ते पाहा, मग ब्रेकच्या स्प्रिंगचा स्क्रू फिरवा. चाक आउट असताना नुसता ब्रेक जुळवून काही होत नाही.

रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदला. त्याआधी एकदा काढून उलटं करून पाहा. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांची कच त्यात रुतून बसते. ती टाचणीने उकरून काढा, नाहीतर रिमवर रेघोट्या पडतात. रबर चकाकायला लागलं असेल तर पॉलिश पेपरवर चार वेळा घासा. ब्रेक किंचाळत असेल तर रबराचं पुढचं टोक रिमला आधी लागेल असं बसवा, मागच्या टोकाला १ मिमी फट. बसवताना मागच्या टोकाखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा धरला की हे आपोआप जमतं.

तार तुटते ती जवळपास नेहमी लिव्हरच्या आत, तारेच्या टोकाच्या गोळीपाशी. लिव्हर दाबून आत डोकावून पाहा. एक जरी धागा सुटलेला दिसला तर तार बदला, उद्यावर ढकलू नका. पावसाळ्यानंतर आउटर (तारेवरची नळी) आतून गंजतो आणि ब्रेक दाबला की परत सुटत नाही. तेव्हा वरच्या टोकातून तेलाचे दोन थेंब सोडा. ते तेल रिमवर सांडलं तर मात्र सगळी मेहनत पाण्यात.

आपल्या इथल्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. सायकल थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. नुसत्या मागच्यावर भिस्त ठेवली की चाक घसटतं आणि सायकल थांबत नाही. वीसच्या वेगात, ब्रेक चांगले असताना, दिसल्यापासून थांबेपर्यंत साधारण १० मीटर लागतात. तीसच्या वेगात सतराच्या आसपास. रिम ओली असेल तर चाकाचे पहिले एक-दोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, म्हणून पावसात आधी हलकेच दाबा आणि मग जोर लावा.

महाल ते सिव्हिल लाइन्स

वरच्या भाऊंनी ब्रेकचा हात सांगितला, त्यालाच जोडून. उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर काढला की हँडलवर डावा हात उरतो, म्हणजे मागचा ब्रेक. ते ठीक आहे. डावा हात दाखवताना मात्र उजव्या हातात पुढचा ब्रेक एकटा असतो. तेव्हा तो जोरात आवळला तर हँडल हलतं. म्हणून डावीकडे वळायचं असेल तर वेग आधी कमी करा, हात नंतर दाखवा. (जुन्या नियमांत डावीकडे वळायला उजवाच हात गोल फिरवायचा असं होतं. ते मोटार चालवणाऱ्यासाठी, तो उजव्या बाजूला बसतो म्हणून. आज ते कोणाला कळणार नाही. सायकलवर सरळ डावा हात दाखवा.)

हात दाखवायचा तो वळायच्या २५-३० मीटर आधी, दोन-तीन सेकंद, खांद्याच्या उंचीवर सरळ. कोपरातून अर्धवट हलवलेला हात मागच्याला ‘पुढे जा’ असा वाटतो. हात दाखवण्याआधी मान वळवून मागे पाहा. मान वळवताना हँडल त्याच बाजूला खेचलं जातं. ते मोकळ्या मैदानात आखलेल्या पांढऱ्या रेघेवर सराव करूनच सुटतं.

संविधान चौक किंवा व्हरायटी चौकासारख्या ठिकाणी उजवीकडे वळायला तीन लेन कापत मध्यभागी जायची गरज नाही. हिरव्या सिग्नलवर डाव्या बाजूने सरळ चौक ओलांडा. पलीकडच्या कोपऱ्यात, झेब्रा क्रॉसिंग सोडून थांबा. सायकल उजवीकडे वळवून ठेवा आणि त्या रस्त्याचा सिग्नल हिरवा झाला की निघा. एक सिग्नल जास्त थांबावं लागतं, बस्स.

आता लेफ्ट फ्री. सरळ जायचं असताना आपण सवयीने डाव्या कडेला जाऊन उभे राहतो. तिथे दोन गोष्टी होतात. मागचे डावीकडे वळणारे अडकतात आणि हॉर्नचा कल्लोळ सुरू होतो. आणि सिग्नल सुटला की शेजारची कार डावीकडे वळते ती नेमकी आपल्या पुढच्या चाकावरून. सरळ जायचं असेल तर लेफ्ट फ्रीची पट्टी सोडून तिच्या उजवीकडे, स्टॉप लाइनच्या मागे, पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरला दिसेल असं उभं राहा.

सेंट्रल अव्हेन्यू, रोज दोन्ही वेळा

‘डावीकडे चिकटून चला’ हे शाळेत शिकवलेलं अर्धंच खरं आहे. उभ्या कारच्या रांगेला चिकटून चालवलं की उघडणारं दार आहेच. दार जवळपास एक मीटर बाहेर येतं, म्हणून हँडलचं टोक रांगेपासून निदान मीटरभर दूर हवं. दोन उभ्या गाड्यांमधल्या रिकाम्या जागेत शिरून परत बाहेर येणं, हा आपल्या लोकांचा आवडता खेळ, तो पूर्ण बंद. मागच्याला आपण दिसेनासे होतो आणि मग अचानक समोर उगवतो. रेघ एकच धरायची.

(पुन्हा) खामला ते सीताबर्डी

मीटरभर सोडलं की मागून हॉर्न वाजतात, त्याचं काय?

सेंट्रल अव्हेन्यू, रोज दोन्ही वेळा

वाजू द्या. हॉर्न मारला म्हणजे तुम्ही दिसलात.

हिंगणा रोड, एमआयडीसी शिफ्ट

रात्रपाळीचं सांगतो. पुढे पांढरा, मागे लाल. बाजारातून दोन्ही लाल ब्लिंकर आणून एक पुढे लावणारे पुष्कळ आहेत. समोरच्याला वाटतं सायकल आपल्या पुढे त्याच दिशेने चालली आहे. पुढचा दिवा ब्लिंकवर ठेवला तर दिसतो, पण त्याच्यावरून अंतर कळत नाही. अंधाऱ्या रस्त्यावर तो स्थिर ठेवा आणि उजेडाचा गोळा सहा-आठ मीटर पुढे रस्त्यावर पडेल असा झुकवा. सरळ ठेवला की समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि तो आपल्याच अंगावर येतो.

मागचा दिवा सीटखाली लावतात आणि कॅरियरवर डब्याची पिशवी ठेवतात. दिवा झाकला गेला की लावून उपयोग काय? कॅरियरच्या मागच्या पट्टीवर लावा. रिफ्लेक्टर टेपचे दोन तुकडे क्रँकवर (पॅडलच्या दांड्यावर) किंवा पॅडलच्या मागच्या कडेला चिकटवा. वर-खाली होणारी चमक दिसली की ही सायकल आहे हे ड्रायव्हरला लांबूनच कळतं. पाठीवरच्या नुसत्या टिपक्यावरून ते कळत नाही.

ट्रक, ट्रेलर किंवा बस सिग्नलला उभी असेल तर तिच्या डाव्या बाजूने पुढे सरकू नका. लांब गाडी डावीकडे वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतून, कोपरा कापत येतात. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. मागे थांबा.

‘आपली बस’ थांब्यावर लागली असेल तर बस आणि थांबा यांच्या फटीतून काढू नका. उतरणारा माणूस पायरीकडे पाहतो, सायकलकडे नाही. ई-रिक्षाच्या मागे निदान पाच मीटर राहा. प्रवाशाने हात केला की ती कुठेही थांबते आणि ब्रेकलाइट बंद असलेल्या कमी नाहीत.

मनीषनगर ते अजनी

वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखालून जाणाऱ्यांसाठी. पूल जिथे उतरतो तिथे वरच्या गाड्या आपल्या उजवीकडून येऊन मिसळतात. त्यातल्या ज्यांना लगेच डावीकडे जायचं असतं त्या आपल्या पुढून तिरप्या कापतात, पुलावरचा वेग तसाच घेऊन. तोंड यायच्या आधी मागे एकदा पाहा, डावी रेघ सोडू नका आणि तिथे कोणाला ओव्हरटेक करू नका. मेट्रोच्या खांबांमुळे यू-टर्नच्या कटमधून निघणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून प्रत्येक कटपाशी बोटं ब्रेकवर हवीत.

आणि सिमेंट रस्त्याची कड. सिमेंट वर, बाजूचे गट्टू खाली, मध्ये पायरी. हॉर्न ऐकून आपण खाली उतरतो, तिथपर्यंत ठीक. परत वर चढताना कडेला जवळजवळ समांतर राहून हँडल हळूच वळवलं की पुढचं चाक कडेवर चढत नाही, ते कडेला घासत चालतं आणि सायकल खालून निघून जाते. आपण पडतो ते आत, रस्त्यावर. वेग कमी करून चाक निदान ४५ अंशात आणा आणि क्षणभर सीटवरून उठा. पायरी बोटभराहून जास्त असेल तर उतरून चढवा. दोन स्लॅबमधल्या उभ्या सांध्यालाही हाच नियम लागू. बारीक टायरवाल्यांनी तर डोळ्यात तेल घालून.

शंकरनगर ते रविनगर

ओढणी आणि साडी. चेनकव्हर अर्धं असेल तर सलवारीचा उजवा पाय चेनमध्ये जातो, क्लिप किंवा रबरबँड लावा. ओढणी मागच्या चाकात जाते, तिच्यासाठी मडगार्डला जाळी लागते. दुकानात ‘साडीगार्ड’ म्हणून मागा. जाळी नसेल तर ओढणीची गाठ पुढे कमरेला. मागे बांधली की सुटून पुन्हा तिथेच.

हँडलला लटकवलेली पिशवी ही सर्वांची चूक. वळताना ती झोका घेते, तिचा कोपरा पुढच्या चाकाच्या तारांत जातो आणि पुढचं चाक जागीच अडकतं. ट्यूशनला जाणाऱ्या मुलांना हे पहिल्यांदा सांगा. तिघं शेजारी-शेजारी चालवू नका हे दुसऱ्यांदा.

गोरेवाडा, फक्त जानेवारीपुरतं

संक्रांतीच्या आधीपासून नायलॉन मांजा रस्त्यावर आडवा येतो. त्यावर बंदी आहे, तरी येतोच. जाड मफलर गळ्याभोवती दोन वेढे, टोकं जॅकेटच्या आत. चष्मा घाला. पतंग कापून पोरं धावत आहेत असं दिसलं की उतरा, कारण मांजा त्यांच्या मागेच तरंगत येतो. तो चाकाच्या अ‍ॅक्सलमध्ये गुंडाळला गेला तर ओढू नका, बोट कापतं. चाक उलटं फिरवा आणि ब्लेडने तुकडे करून काढा.

प्रतापनगर ते एलआयसी चौक

मे महिन्याचं. उन्हात ४५ अंशांत सिग्नलला दीड मिनिट उभं राहवत नाही म्हणून तोडतात. त्याऐवजी पन्नास मीटर आधी झाडाची किंवा मेट्रो पुलाची सावली असेल तर तिथेच थांबा, सुटला की निघा. दुपारी सिग्नल बंद असला तर मोकळा रस्ता मिळाला असं समजू नका. बाजूच्या रस्त्यावरचा माणूसही तेच समजून आलेला असतो.

हवा सकाळी भरा, पण टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत नको. पंचवीस अंशांत ६० पीएसआय भरलेलं टायर उन्हात उभं राहून ६५ अंशांपर्यंत तापलं तर दाब सत्तरच्या आसपास जातो. जुनी चकती लावलेली ट्यूब तिथेच सुटते, तीही बहुधा चालत्या सायकलवर. एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) जाड टायरला ४० ते ५० पुरतात.

सक्करदरा, सायकल दुरुस्तीचं काम

चकतीचं राहिलं होतं. सोल्यूशन लावल्याबरोबर चकती दाबू नका, पाच मिनिटं वाळू द्या, बोटाला चिकटेनासं झालं की मगच. ओल्या सोल्यूशनवर बसवलेली चकतीच उन्हात सुटते. आणि घंटी. मुठीपासून अंगठा पोचेल इतक्या जवळ बसवा, ब्रेकवरची बोटं न सोडता वाजली पाहिजे. गंजली असेल तर वाटी काढून आतल्या छोट्या चाकाला तेलाचा एक थेंब.