राजेश खन्नाचं एवढं वेड का होतं? सांगलीतल्या जुन्या मंडळींनी सांगा

विश्रामबागची
नमस्कार मंडळी. आईच्या भिशीतल्या बायकांनी राजेश खन्नाच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरवलाय आणि निवेदन माझ्याकडं आलंय. गाणी सगळी पाठ आहेत, पण माणूस कळत नाही. मेरे सपनों की रानी लागलं की आई हातातलं लाटणं तसंच धरून उभी राहते, तव्यावरची पोळी करपली तरी! त्याच्याहून देखणे हिरो होतेच की. मग एवढं काय होतं त्याच्यात, आणि ते तीन-चार वर्षांत ओसरलं कसं? रक्तानं लिहिलेली पत्रं वगैरे नेटवर खूप आहे, ते नको.

हरभट रोड
आईंचं बरोबर आहे, आमच्या पिढीला ते गाणं असंच धरून ठेवतं. राजेश खन्नाचं खरं नाव जतीन खन्ना, आपल्या गिरगावात वाढलेला पोरगा, १९६५ च्या टॅलेंट काँटेस्टमधनं निवडला गेला, पहिला पिक्चर आखरी खत १९६६ चा, तो काही चालला नाही. १९६९ ला आराधना आला आणि सगळं उलटंपालटं झालं, मग १९७१ पर्यंत लागोपाठ १५ सोलो हिट, म्हणजे तो एकटाच हिरो असलेले. मेरे सपनों की रानी त्यातलंच, त्या गाण्यात तो दार्जिलिंगच्या रस्त्यावर जीपमधे आणि शर्मिला शेजारनं जाणाऱ्या छोट्या रेल्वेत, पण तिचे शॉट नंतर स्टुडिओत घेतलेत, म्हणजे तो जिच्याकडं बघून मान तिरकी करतोय ती तिथं नव्हतीच! तरी थेटरातल्या प्रत्येकीला वाटायचं हा माझ्याकडंच बघतोय. मला विचाराल तर हेच कारण, तो हिरॉईनला जिंकायला निघाल्यासारखा वाटत नाही, आर्जव करतो.

कृष्णाकाठ
अर्धं श्रेय किशोरकुमारला द्या की, त्याच्या गाण्यांमागचा तो आवाज काढून घेतला तर काय राहतं?

हरभट रोड
लई राहतं. आनंद बघा, १९७१ चा. त्यात किशोरचं एक पण गाणं नाही, मुकेश, मन्ना डे आणि लता. जिंदगी कैसी है पहेली मधे किनाऱ्यावर फुगे घेऊन तो नुसता चालतो, ना नाच ना हिरॉईन, आणि आपल्याला माहिती असतं हा मरणार आहे. रमेश देव, सीमा, ललिताबाई पवार सगळे त्यात आहेत, भिशीतल्या बायकांना हे आवर्जून सांगा. आणि दो रास्ते मधलं ये रेशमी जुल्फें रफीचं आहे.

मिरजकर
दो रास्तेचा विषय निघाला म्हणून, त्याची गोष्ट आपल्या चंद्रकांत काकोडकरांच्या नीलांबरी कादंबरीवरची, त्यांना कथेचं फिल्मफेअर पण मिळालं होतं. निवेदनात हे घ्याच, मराठी लेखकाचं नाव कुणी घेत नाही त्याचं फार वाईट वाटतं.
ओसरण्याचं म्हणाल तर लोक सगळं खापर अमिताभवर फोडतात ते मला पटत नाही. १९७३ ला अमिताभचा जंजीर आला हे खरं, महागाई, संप, लोकांच्या डोक्यात राग होता आणि आर्जव करणारा हिरो त्या रागाला पुरेना. पण त्याच वर्षी नमक हराम मधे तो अमिताभसमोर कुठं कमी पडलाय? माझ्या मते लोक एकाच प्रकारच्या त्याला दमले, आणि त्यानं पण ती मान, ते डोळे मिचकावणं सोडलं नाही. सोडलं तेव्हा १९८३ चा अवतार झाला, पोरांनी वाऱ्यावर सोडलेला म्हातारा बाप. आमच्याकडं शेजारपाजारची म्हातारी माणसं व्हिडिओ भाड्यानं आणून बघायची आणि पिक्चर संपला तरी कुणी उठायचं नाही.

विश्रामबागची
अवतार माहितीच नव्हता! नंतर राजकारणात पण होता ना?

मिरजकर
हो, १९९२ ते ९६ नवी दिल्लीचा खासदार. १८ जुलै २०१२ ला गेला, पद्मभूषण मात्र त्यानंतर २०१३ ला. जिवंतपणी द्यायला पाहिजे होतं, स्पष्ट बोलतो.

कृष्णाकाठ
बरं, आनंदचं पटलं. पण अमर प्रेमचं चिंगारी कोई भडके कार्यक्रमात घ्याच ताई, आणि ते गाणाऱ्याला सांगा घाई करू नको म्हणून.