सोसायटीत चितळं यायला लागली आहेत, काय करावं?

सचिवकाकू:
आम्ही बावधनच्या बाजूला राहतो, मागे जंगल. दोन वर्षांपूर्वी पावसात आमच्या कंपाउंडचा एक तुकडा पडला आणि तिथून एक चितळ मादी आत आली. तेव्हा सगळ्यांनी गॅलरीतून फोटो काढले. आता पहाटे दूधवाला येतो तेव्हा सात-आठ तरी असतात. पेव्हर ब्लॉकवर खुरांची टकटक ऐकूनच मला जाग येते. माझा कढीपत्ता दांड्यांसकट गेला, ते सोडा. पण गेल्या आठवड्यात एका नराने सोनचाफ्याला शिंगं घासून साल सोलून काढली. डी विंगमधला एक नातू पोळी घेऊन जवळ गेला, तर त्याच नराने मान खाली घालून शिंगं रोखली.

सभेत तीन मतं पडली. खायला घालत राहा, पुण्य आहे. कुणाला तरी बोलावून पकडून न्या. आणि तिसरं, नसबंदी करा. पावणेदोन तास बोललो आणि ठराव झाला तो पाण्याच्या टाकीचा. वाढत्या संख्येला आळा कसा घालायचा, कुणी सांगेल का?

पावशेर:
शीर्षक वाचून वाटलं, चितळ्यांनी सोसायटीत शाखा काढली. दुपारी एक ते चार चितळं बंद असतात का?

एडिसनकर:
मूळचा नारायण पेठेतला, आता न्यू जर्सीत. इथली हरणं पांढऱ्या शेपटीची, आणि त्यांना बहुधा जुळी होतात. लांडगे कधीच संपले, त्यामुळे वस्तीत धुमाकूळ आहे. टोमॅटो लावायचं मी सोडून दिलंय. रात्री गाडीसमोर येतात ते वेगळंच. सरकार शिकारीचे परवाने देतं, काही गावं तर पगारी नेमबाज लावतात. नसबंदीवाल्यांना सांगा, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर २०१६ पासून नरांची नसबंदी केली. एकेक नर बेशुद्ध करायचा, शस्त्रक्रिया करायची, कानात बिल्ला मारून सोडायचा. मेंटेनन्समधून झेपणारं काम नाही हे.

निवृत्त_वनपाल:
काकू, संख्या वाढली हे कशावरून? चितळाची मादी साडेसात-आठ महिने गाभण राहते आणि पाडस बहुतेक एकच. दोन वर्षांत एकीची आठ होत नाहीत. ती जंगलात आधीपासूनच होती, आता तुमच्याकडे गोळा होताहेत. ओल्या कचऱ्याच्या बादल्या कुठे ठेवता? मागच्या पार्किंगलाच ना?

ते पुण्याचं मत आधी निकालात काढतो. चितळ रवंथ करणारं जनावर, त्याचं पोट गवत-पाल्याला सरावलेलं. शिळ्या पोळ्या आणि भात एकदम पोटात गेला की आम्ल वाढतं, पोट फुगतं, आणि बसलेलं जनावर पुन्हा उठत नाही. शवविच्छेदनाला मी उभा राहिलोय. एकदा पोटातून प्लास्टिकच्या पिशव्यांचा पिळा निघाला, दोरखंडासारखा घट्ट. आत एक दुधाची पिशवी होती, तिच्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती.

पकडून न्यायचं तर मनातही आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, फासे लावणं, हाकणं, आमिष दाखवणं, सगळं त्यात येतं. परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांची लागते, सोसायटीच्या ठरावाची नाही. शिवाय हे जनावर धसक्याने मरतं. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडला गवा आला होता, आठवतोय? मागे माणसांचा लोंढा, पळून पळून दमला, पकडला गेला आणि मेला. तो तर एवढा धिप्पाड. चितळाचे स्नायू पळापळीनेच खराब होतात, कधीकधी सोडून दिल्यावर दोन दिवसांनीही दगावतं. मध्य प्रदेशात चितळांचे कळप हलवतात ते बोमा पद्धतीने. नरसाळ्यासारखं लांबलचक कुंपण घालायचं, आत चारा-पाणी ठेवून सवय लावायची, आणि अरुंद टोकाला ट्रक उभा करायचा. हात लावायचा नाही.

खरी वाढ कशी असते ते दिल्लीच्या हौज खासच्या डीअर पार्कात बघा. साठच्या दशकात मोजकी आणली, ती सहाशेच्या घरात गेली. चारही बाजूंनी कुंपण, नर-माद्या एकत्र, खाणारं कुणी नाही. २०२३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मान्यता काढून घेतली आणि चितळं राजस्थानात हलवायचं ठरलं. तुमच्या मागे बिबट्या आहे, तो आपलं काम करतो. फक्त त्याला पार्किंगपर्यंत बोलावू नका. खरकटं असलं की कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो येतो.

बादल्या पुढच्या गेटला, झाकणं लावून. गळका नळ असेल तर दुरुस्त करा, उन्हाळ्यात तेही आमंत्रणच. भिंत बांधा, पण आधी आत कुणी राहिलेलं नाही ना ते बघा. काटेरी तार नको, शिंगं अडकतात. आणि १९२६ वर फोन करून कळवून ठेवा, ती वनखात्याची हेल्पलाइन आहे.

पावशेर:
थोडक्यात, नसबंदी पोळीची करायची.

सचिवकाकू:
तीन आठवड्यांनी लिहितेय. १९२६ ला फोन केला, दोघंजण येऊन बघून गेले. बादल्या हलवल्या. भिंतीचा गवंडी अजून उद्याच येतोय.

पोळ्या घालणारे डी विंगमधले आजोबा निघाले. त्यांच्या घरी गोग्रास काढायची पद्धत, आणि इकडे गाय मिळेना. दुधाच्या पिशवीची गोष्ट त्यांना मोबाइलवर वाचून दाखवली. काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. आता सून रविवारी गोशाळेत पैसे देऊन येते.

पहिले चार दिवस सगळी चितळं बादल्यांच्या जुन्या जागी येऊन उभी राहिली, आम्हीच काहीतरी चोरल्यासारखी बघत. पाचव्या दिवशी तीन आली. आता माद्या येत नाहीत. तो नर मात्र अजून सोनचाफ्यापाशी येतो. त्याला पोळी नकोच आहे, त्याचं काय करू?

निवृत्त_वनपाल:
खोडाभोवती बांबूच्या कामट्या उभ्या बांधा, छातीइतक्या उंच. सुतळी सैल ठेवा, खोड वाढतं. आणि त्या गवंड्याला आधी अर्धे पैसे देऊ नका.