मदत हवी आहे: वासाला स्ट्रॉबेरी, चवीला नुसता आंबट. फ्रूट टी निवडायचा कसा?

शेवंती_म्युनिक

नमस्कार मंडळी. सासू-सासरे उन्हाळाभर आमच्याकडे आलेत. आईंना झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद सांगितलीय. पण संध्याकाळी हातात कप हवाच! मग कॅफीन नसलेला काहीतरी आणावा म्हणून दुकानात गेले, तर तिथे फळांच्या आणि वनस्पतींच्या चहाचं अख्खं कपाट. त्यातला 'लाल फळं' असं चित्र असलेला एक खोका उचलला.

खोका उघडला की ओट्यापर्यंत स्ट्रॉबेरीचा घमघमाट. कपात रंग कोकम सरबतासारखा लालभडक. आणि घोट घेतला की जिभेच्या कडा आंबून जातात, घसा कोरडा पडतो, स्ट्रॉबेरीचा पत्ता नाही. आईंचं म्हणणं, "वास एकाचा, चव दुसऱ्याची. हे काय औषध आहे का गं?" त्या सवयीने त्यात दूध घालतात आणि कपात पांढऱ्या गुठळ्या तरंगतात.

खोक्यावर घटक असे: हिबिस्कस, रोझहिप, सफरचंद, ब्लॅकबेरीची पानं, अरोमा, स्ट्रॉबेरी 1%. असे चहा सगळे आंबटच असतात का? दूध चालेल असं काही मिळतं का? आणि सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे, त्यांनी प्यायला हरकत नाही ना?

चकोर

उत्तर तुमच्याच यादीत आहे. युरोपात घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव हिबिस्कस, म्हणजे खोक्यात सगळ्यात जास्त तेच. ही आपली दारातली जास्वंद नव्हे, लाल अंबाडी आहे. फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती ज्या पाकळ्यांसारख्या जाडसर लाल पात्या राहतात, त्या वाळवून घालतात. ज्यांनी अंबाडीची भाजी खाल्लीय त्यांना हा आंबटपणा ओळखीचा वाटेल. इजिप्त आणि सुदानमध्ये हीच अंबाडी 'करकदे' म्हणून पितात, पण साखर सढळ हाताने घालून.

स्ट्रॉबेरीचा वास अरोमाचा, म्हणजे वेगळा घातलेल्या सुवासाचा. नाक गोडाची तयारी करून बसतं आणि जिभेला साखर मिळतच नाही, म्हणून आंबट दुप्पट लागतं. दूध फाटतं तेही याच आम्लामुळे.

पुढच्या वेळी चित्र बघू नका, खोका उलटा करा. यादीत सफरचंद पहिलं आणि हिबिस्कस शेवटाकडे असेल तर चहा सौम्य निघतो. काहींवर 'ओने हिबिस्कुस', म्हणजे हिबिस्कसशिवाय, असं सरळ लिहिलेलं असतं.

खलबत्ता

चकोरशी सहमत. फक्त आंबटपणा कमी व्हावा म्हणून पिशवी दोन मिनिटांत बाहेर काढू नका. जर्मन खोक्यांवर बारीक अक्षरांत एक सूचना असते: खळखळ उकळतं पाणीच ओता आणि निदान पाच ते आठ मिनिटं ठेवा. ती चवीसाठी नसते. वाळलेल्या पानाफुलांवर जंतू असू शकतात, ते मरावेत म्हणून असते. आंबट कमी हवं असेल तर तीच पिशवी मोठ्या किटलीत टाका, वर झाकण ठेवा आणि सोबत गवती चहाची पात घाला. आशियाई दुकानात ताजी मिळते.

सुटा चहा आणलात तर पाकीट आधी नीट हलवून घ्या. सफरचंदाचे चौकोनी तुकडे आणि संत्र्याची साल वर राहते, हिबिस्कसचा चुरा तळाला जातो. सुरुवातीचे कप गुळमुळीत आणि पाकीट संपत आलं की दात आंबवणारे, हे त्यामुळेच होतं. शिवाय फळांचे तुकडे जड असतात, चहापत्तीच्या मापाने एक चमचा टाकून काही होत नाही. एका मोठ्या कपाला दोन चमचे तरी लागतात.

चव बघायची तर साखर न घालता, कोमट झाल्यावर बघा. वाफाळता असताना अरोमाच सगळं झाकून टाकतो.

डोंगरवाट

दुधासाठी रॉईबॉस आणा. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या उत्तरेला सेडरबर्गच्या डोंगराळ भागात उगवणारं झुडूप आहे. मुळातच कॅफीन नाही आणि टॅनिन कमी, त्यामुळे कितीही उकळा, कडवट होत नाही. आलं आणि वेलची ठेचून पाण्यात उकळा, त्यात रॉईबॉस टाका, मग दूध. फाटत नाही आणि रंगही चहासारखा येतो. व्हॅनिलावाला घेऊ नका, आल्याबरोबर विचित्र लागतो.

फक्त आईंना "हा चहाच आहे" असं सांगून देऊ नका. आसामची कडक पत्ती पिणारं माणूस पहिल्या घोटाला ओळखतं आणि मग दुसऱ्यांदा कपाला हात लावत नाही.

गोळीचा_डबा

मी औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून सासऱ्यांबद्दल लिहिते. हिबिस्कसने रक्तदाब थोडा उतरतो असं काही अभ्यासांत दिसलंय. अधूनमधून एखाद्या कपाने घाबरायचं कारण नाही, पण बीपीची गोळी चालू असताना रोज किटलीभर प्यायचा असेल तर डॉक्टरांना विचारा. त्याहून जास्त लक्ष ज्येष्ठमधावर ठेवा. यादीत 'ज्युसहोल्त्स' दिसलं की तेच. साखर नसूनही गोड लागणाऱ्या बऱ्याच मिश्रणांत ते असतं आणि ते रक्तदाब वाढवतं, शरीरातलं पोटॅशियम कमी करतं. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ते टाळाच.

आईंसाठी: 'हर्बल' लिहिलंय म्हणजे कॅफीन नाही असं धरून चालू नका. माटे आणि ग्वाराना या वनस्पतीच आहेत आणि दोन्हींत कॅफीन असतं. कॅफीन काढलेल्या काळ्या चहातही थोडं उरतंच.

शेवंती_म्युनिक

सगळ्यांचे आभार! आल्याचं रॉईबॉस करून दिलं. आईंनी कप संपवला, मग म्हणाल्या, "चहा नाही हा, पण दे उद्या." सासऱ्यांच्या गोळ्यांची पाकिटं बघितली, त्यात लघवीची गोळी आहे. त्यामुळे ज्येष्ठमध घरात येणार नाही आणि हिबिस्कसचं डॉक्टरांना विचारूनच ठरवू. सफरचंदवाला खोका शनिवारी आणते. पण उरलेल्या लाल खोक्याचं काय करू? टाकवत नाही.

खलबत्ता

टाकू नका. चार-पाच पिशव्या अर्धा लिटर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गरम असतानाच साखर विरघळवा आणि फ्रीजमध्ये गार करा. प्यायच्या वेळी सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि वरून सोडा. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात करा, अॅल्युमिनियम नको, आंबट आहे.