कावळा माणसाचे शब्द कसे उच्चारतो? जाणकारांनी इथे लिहा

कावळ्याच्या तोंडून माणसाचा शब्द ज्यांनी जवळून ऐकलाय, तो आवाज टिपलाय किंवा जखमी कावळे सांभाळलेत, त्यांनी इथे जरूर लिहावं. आठवणींपेक्षा नेमकी माहिती हवी आहे: काय ऐकू येतं, कसं तपासायचं, कुठे चुकतं.

*

सुरुवात जिभेपासून करते. कावळ्याची जीभ चिरली की तो बोलू लागतो, हा समज अजून टिकून आहे आणि तो साफ खोटा आहे. पक्ष्याचा आवाज जिभेत तयार होतच नाही. श्वासनलिका छातीत जिथे दोन फाट्यांत विभागते, तिथे सिरिंक्स नावाचा अवयव असतो. हवेने त्यातले पडदे थरथरतात आणि आवाज निघतो. जीभ कापल्याने रक्तस्राव होतो, घास गिळता येत नाही आणि पक्षी उपाशी मरतो. कृपया हे ज्याला त्याला सांगा.

आवाज कर्कश असला तरी वर्गीकरणात कावळा गाणाऱ्या पक्ष्यांतच मोडतो. ऐकून नवा आवाज शिकणं त्याला म्हणूनच जमतं.

*

ताईंच्या मुद्द्याला जोडून उच्चारांबद्दल. प, ब, म म्हणायला ओठ मिटावे लागतात आणि कावळ्याला ओठच नाहीत. तो जवळपासचा काहीतरी आवाज काढतो, उरलेलं आपला कान भरून घेतो. आ, ओ, ह असे मोकळे आवाज जास्त ओळखू येतात. जगभर ‘हॅलो’च जास्त ऐकू येतो, कारण माणसंही त्याला तेच सारखं ऐकवतात.

नक्कल चालू असताना पक्षी नीट पाहा. काव काव करताना सगळं अंग पुढे हेलकावतं. शब्द पुटपुटताना मात्र पक्षी बहुधा निवांत असतो: गळ्याची पिसं फुललेली, मान झुकलेली, डोळ्यावरून पांढुरका पडदा सरकून जातो. आवाजही हळू असतो. दहा पावलांवरून तो निसटतो.

*

आवाज टिपण्याबद्दल. मोबाइल चालेल, पण आवाज ‘स्वच्छ’ करणारी आणि पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा. तीच बारीक तपशील खाऊन टाकते. फाइल वेव्ह (WAV) स्वरूपात, सॅम्पल रेट (नमुने घेण्याचा वेग) ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ.

मग ऑडॅसिटी किंवा प्राट या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, काढा आणि ० ते ५ किलोहर्ट्झ एवढाच पट्टा बघा. प्राटमध्ये विंडो (एका वेळी मोजायचा आवाजाचा तुकडा) ५ मिलिसेकंद ठेवली की स्वरांचे जाड पट्टे दिसतात. ३० केली की ते विरून बारीक आडव्या रेघा उरतात. शब्द म्हणणाऱ्या माणसाचा आवाजही टिपून शेजारी ठेवा. पट्टे त्याच क्रमाने वर-खाली जात असतील तर नक्कल म्हणता येईल.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शब्द आधी सांगून ऐकवणं. एकदा सांगितलं की सगळ्यांना तोच ऐकू येतो. काही न सांगता चार-पाच जणांना वेगवेगळं ऐकवा आणि कागदावर लिहून घ्या.

*

बोलत्या कावळ्यांच्या चित्रफितींबद्दल थोडकंच. बऱ्याचदा त्यातला पक्षी आपला गावकावळा नसतो. छाती आणि मानेचा पट्टा पांढराशुभ्र असेल तर तो आफ्रिकेतला पाइड क्रो. गळ्याची हालचाल आवाजाशी जुळत नसेल, तर आवाज मागाहून चिकटवलेला आहे असं समजा.

*

नक्कल वेगळी आणि आवाजावरचा ताबा वेगळा. जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठात कॅरियन क्रो जातीच्या कावळ्यांवर काम झालं आहे. खूण दिसली की आवाज द्यायचा, एरवी गप्प राहायचं, हे त्यांना जमतं, असं २०१९ मध्ये दाखवलं गेलं. २०२४ मध्ये त्याच जातीच्या कावळ्यांनी खुणेनुसार एक ते चार वेळा मोजून आवाज काढले आणि मोजणी संपली की पडद्यावर चोच मारली. शब्दाचा अर्थ त्यांना कळतो, असं यातून सिद्ध होत नाही. पण आवाज केवळ घाबरून किंवा भुकेने बाहेर पडतो, हेही आता म्हणता येत नाही. मला हे बोलण्याच्या नकलेहून मोठं वाटतं.

*

शुश्रूषेच्या बाजूने कळकळीने लिहिते. कावळा शब्द उचलतो ते मुख्यतः लहानपणापासून माणसात वाढल्यामुळे. म्हणून बोलका कावळा हवा या हौसेने पिल्लू उचलू नका. डोळे निळसर-राखाडी, तोंड आतून गुलाबी-लाल आणि अंगभर पिसं असतील तर ते नुकतंच घरट्याबाहेर पडलंय. आई-बाप जवळच असतात. जखम नसेल तर उंच फांदीवर ठेवा आणि लांब व्हा.

जखमी असेल तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. तोवर चोचीत पाणी ओतू नका. जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. दूध पचत नाही. नुसता खिमा दिला तर कॅल्शियम कमी पडून पायांची हाडं वाकतात. भरवताना बोलू नका, आपला चेहरा झाका, म्हणजे त्याला माणसाची सवय लागणार नाही.

*

आणि आधीच बोलणारा मोठा कावळा सापडला तर?

*

तो माणसाने वाढवलेला आहे असं धरा आणि लगेच सोडू नका. पंख उघडून लांब पिसं पाहा. कात्रीने सरळ कापलेली असतील तर पुढच्या पीसझडीपर्यंत ती वाढणार नाहीत, आणि पीसझड वर्षातून एकदाच होते. तेवढे महिने त्याला दुसऱ्या कावळ्यांच्या सोबतीने मोठ्या पिंजऱ्यात ठेवावं लागतं.