मदत हवी आहे: 'इथलं बोलणं बाहेर जाणार नाही' हे आता मुलांना कसं सांगायचं?

शाळा-कॉलेजात समुपदेशन करणारं कुणी आहे का इथे? मी पंधराएक वर्षं ज्युनियर कॉलेजच्या मुलांबरोबर काम करतेय. आम्ही शिकलो तेव्हा गोपनीयता हा पहिला धडा, आणि जिवाला धोका असेल तरच बाहेर बोलायचं असं मनावर ठसवलेलं. मग २०१२ ला पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) आला, संमतीचं वय १६ चं १८ झालं, आणि कलम १९ प्रमाणे अल्पवयीन मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं की पोलिसांना सांगणं सगळ्यांनाच बंधनकारक झालं, त्यात आम्हीही आलो. नाही सांगितलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद.

अत्याचार असेल तर प्रश्नच नाही, मी लगेच कळवते आणि मुलीसोबत बसून राहते. पण समजा (तपशील बदललेत) सतरा वर्षांची मुलगी झोप लागत नाही म्हणून येते आणि बोलता बोलता कळतं की वर्गातल्याच मुलाशी संबंध आहेत, दोघांच्या मर्जीने, आता कायद्याच्या लेखी तिच्या मर्जीला किंमतच नाही. कळवलं तर मुलावर केस, तिचं कॉलेज बंद आणि घरचे स्थळं बघायला लागणार, नाही कळवलं तर गुन्हा माझा. २०२२ ला सुप्रीम कोर्टाने अशा मुलीचं नाव न कळवायची मुभा दिली पण ती गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांना, तीही मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर. आम्ही त्यात कुठेच नाही.

म्हणून हल्ली मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते की काही गोष्टी मला कळवाव्याच लागतात. मागच्या वर्षी एकीने ते ऐकलं, मान डोलावली आणि परत आलीच नाही. ती काय सांगायला आली होती हे मला अजून कळलेलं नाही, आणि हे डोक्यातून जात नाही.

तर तुम्ही नेमक्या कोणत्या शब्दांत सांगता? सगळं आधीच, की विषय तिकडे वळायला लागला की थांबवून? नोंदीत किती लिहिता? आमच्याकडे प्राचार्य नोंदवही मागतात, तेव्हा काय करायचं? रात्री व्हॉट्सअॅपवर मुलं काहीबाही लिहून पाठवतात, तेही कळलंच की मला!

सोप्या मराठीतला संमतीपत्राचा नमुना, सोळा-सतराच्या पोराला वाचून समजेल असा, कुणाकडे असेल तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इंग्रजीतले आहेत माझ्याकडे, मुलं न वाचताच सही करतात.