मदत हवी आहे: जुन्या फायबरग्लास याॅटमधे आतून करकर आवाज

मंडळी, आमची शिडाची बोट जुनी आहे, वारा लागून कलली की आतून करकर सुरू आणि लाट बसली की मास्टजवळ (डोलकाठीजवळ) कट्टकन वाजतं, धक्क्याला बांधलेली असली की एकदम चिडीचूप. फ्लोअरबोर्ड, लॉकरची दारं सगळं काढून पाहिलं, किरकोळ आवाज गेले पण मुख्य करकर तशीच. मग चालत्या बोटीत मेन बल्कहेडच्या (बोटीतल्या मुख्य आडव्या भिंतीच्या) कडेवर हाताचं बोट टेकवून बसलो तर भिंतीचा प्लाय आणि हल (बोटीचं बाहेरचं कवच) वेगवेगळे सरकताना चक्क जाणवतात, दोघांना जोडणारी फायबरची पट्टी प्लायवरून सुटलीये, नाण्याने ठोकलं की पोकळ वाजतं आणि चेनप्लेटखाली (मास्टच्या तारा बोटीला जिथे अडकवतात ती धातूची पट्टी) प्लाय काळा पडलाय.

फटीत सिलिकॉन भर असं काहींनी सांगितलं, मला ते अजिबात पटत नाही, आवाज दबेल पण जोड सुटलेलाच राहील ना? जुनी पट्टी घासून काढून इपॉक्सी आणि बायअॅक्सियल कापडाने (दोन दिशांनी धागे असलेलं फायबरग्लासचं कापड) परत बांधायचा विचार आहे, जुन्या पॉलिस्टर रेझिनवर इपॉक्सीच जास्त धरतं म्हणून. पण त्याआधी मास्टला ताणून धरणाऱ्या तारा नुसत्या सैल केल्या तर चालेल की मास्ट उतरवावाच लागेल? आणि आतला लायनर (हलच्या आतलं फायबरचं अस्तर) न कापता त्यामागच्या जोडापर्यंत कोणी पोचलंय का? प्लीज सांगा, बोट खूप जिवाची आहे.